आईच्या डोक्यातलं घर

बुधवारी पीटी असते, म्हणजे पांढरा गणवेश मंगळवारी रात्रीपर्यंत वाळलेला हवा. चित्रकलेच्या वहीची पानं संपत आली आहेत. दुसरा सिलिंडर लावून बरेच दिवस झाले, नवीन नोंदवायला हवा. धाकटीचा खोकला परत आला तर त्याच डॉक्टरांकडे जायचं की दुसऱ्या कुणाला दाखवायचं? पोळ्यांच्या मावशी शनिवारी गावाला जाणार म्हणाल्या होत्या; याच शनिवारी की पुढच्या? शाळेच्या ग्रुपवर काल रात्री काहीतरी सूचना आली होती, ती अजून नीट वाचलेली नाही. आई-बाबा दोघंही नोकरी करतात आणि मुलं शाळेत जातात अशा घरात साधारण अशी यादी अखंड चालू असते. ती कुठे लिहिलेली नसते. लोकलमध्ये, मीटिंगमध्ये, झोप लागण्याच्या आधीच्या पाच मिनिटांत ती मनात फिरत राहते. आणि बहुतेक घरांत ती एकाच माणसाच्या मनात असते.

घर नीटनेटकं ठेवण्याविषयीचे सल्ले बहुधा वस्तूंपासून सुरू होतात. कपाट कसं लावावं, कपड्यांच्या घड्या कशा घालाव्यात, काय टाकून द्यावं. हे सगळं उपयोगाचं आहे, पण धावपळीच्या घराला त्याने फारसा दिलासा मिळत नाही, कारण तिथे माणूस कामाने थकतो त्याहून अधिक काम लक्षात ठेवण्याने थकतो. म्हणून घराची व्यवस्था लावताना मी एकच कसोटी लावते: या बदलामुळे एखाद्या माणसाला एखादी गोष्ट लक्षात ठेवण्याची गरज उरली नाही, असं झालं का? झालं असेल तर तो बदल कामाचा. मग घर मासिकातल्या फोटोसारखं दिसो वा न दिसो.

हे ओझं आकडेवारीत पुरतं दिसत नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणात, ज्या स्त्रिया घरकाम करतात त्या त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि जे पुरुष करतात ते ८८ मिनिटं, असं आढळलं. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत दोघांचीही मिनिटं थोडी घटली, पण दरी जवळपास तेवढीच राहिली. आता या सर्वेक्षणात माणसाच्या दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे पाडून त्या वेळात त्याने काय केलं हे नोंदवतात. स्वयंपाक नोंदवला जातो, धुणं नोंदवलं जातं. पण ऑफिसच्या बसमध्ये बसल्या बसल्या ‘उद्या डब्याला काय’ याचा विचार केला, तर नोंद प्रवासाची होते.

या न दिसणाऱ्या कामाचा नेमका अभ्यास समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंगर यांनी अमेरिकेतल्या ३५ जोडप्यांच्या मुलाखतींवरून केला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी या कामाचे चार टप्पे पाडले. आधी गरजेची चाहूल लागणं, मग पर्याय शोधणं, मग निर्णय घेणं आणि शेवटी ते काम खरंच झालं का यावर लक्ष ठेवणं. निर्णय बहुतेक जोडपी मिळून घेत होती. पहिला आणि शेवटचा टप्पा मात्र मुख्यतः बायकांच्या वाट्याला आलेला होता. आपल्याकडचं कुठलंही घर डोळ्यांपुढे आणा. मुलाला पोहायला घालायचं की नाही हे दोघं मिळून ठरवतात. पण सुट्टी लागायच्या आधी तलावाचे अर्ज सुटतात हे कुणाला आठवतं, आणि टोपी-चष्मा ओला परत आला की तो वाळत घालायला हवा हे कुणाच्या लक्षात राहतं, हे पाहिलं की चारही टप्पे उलगडतात. घराच्या व्यवस्थेने हात घालायचा तो या पहिल्या आणि चौथ्या टप्प्याला.

सगळ्यात सोपं साधन मराठी घरांत आधीपासून भिंतीवर टांगलेलं आहे. जयंत साळगावकरांनी १९७३ मध्ये ‘कालनिर्णय’ सुरू केलं, आणि तारखेच्या चौकोनात दुधाचा हिशोब, गॅस लावल्याची तारीख, कामाच्या बाईंचे खाडे हे सगळं लिहिण्याची सवय कितीतरी घरांना लागली. सगळ्यांना दिसणारी, बॅटरी न लागणारी, पासवर्ड नसलेली अशी ती घराची सामाईक स्मृती होती. आज ती जागा फोनने घेतली. फोनमधलं कॅलेंडर उत्तम आठवण करून देतं, पण ज्याचा फोन त्यालाच. नऊ वर्षांच्या मुलाला ते दिसत नाही, आजीला दिसत नाही, आणि पुष्कळदा नवऱ्यालाही दिसत नाही. म्हणून माझा आग्रह असा, की फोन असू द्या, पण महिन्याचं एक मोठं पान स्वयंपाकघराच्या दाराशी किंवा जेवणाच्या टेबलासमोर हवंच. घरातल्या प्रत्येकाचा पेन वेगळ्या रंगाचा. परीक्षा, पालकसभा, आईची रात्रपाळी, बाबांचा दौरा, आजोबांची डोळ्यांची तपासणी, मावशींची सुट्टी, पाणीकपातीचा वार. शाळेची सूचना आली की ती ज्याने पहिल्यांदा वाचली त्याने त्याच दिवशी पानावर उतरवायची. ‘मला कुणी सांगितलंच नाही’ या वाक्यावरून घराघरात जी भांडणं होतात त्यातली बरीचशी इथेच थांबतात, कारण सांगण्याचं काम आता पान करतं.

या पानाभोवती आठवड्यातून एकदा बसायला हवं. रविवारी मंडईतून भाजी आली की ती निवडता निवडता बसलं तर वेगळा वेळ काढावा लागत नाही. एकजण पान वाचतो, बाकीचे मेथी-कोथिंबीर निवडतात, मुलं मटार सोलतात. येत्या आठवड्यात कोण कधी घरी नाही, मुलांना क्लासवरून कोण आणणार, डब्यांचं काय, कुठली वस्तू आणायची राहिली. अर्ध्या तासात होतं. वेळ आणि प्रसंग आधीच बांधून ठेवण्यात मर्म आहे. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी दाखवलं आहे की ‘हे करायचं आहे’ असा नुसता संकल्प सोडण्यापेक्षा ‘अमुक घडलं की तमुक करीन’ असं ठरवलं तर ते काम हातून होण्याची शक्यता बरीच वाढते. ‘आठवड्यातून एकदा बसू’ हे टिकत नाही. ‘भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली की बसू’ हे टिकतं.

आता सकाळ. पालकांना सगळ्यात जास्त रडवणारी वेळ हीच. राज्य शासनाने ८ फेब्रुवारी २०२४ रोजी निर्णय काढून पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं, ते मुलांच्या अपुऱ्या झोपेची चिंता व्यक्त झाल्यामुळे. पाचवीपासून पुढच्या मुलांना मात्र तो निर्णय लागू नाही, आणि सकाळच्या सत्रातल्या कितीतरी मुलांची व्हॅन आजही साडेसहाच्या सुमारास दारात उभी असते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी ९ ते १२ तास झोप लागते, असं अमेरिकेतल्या निद्राविज्ञान संस्थेचं सांगणं आहे आणि बालरोगतज्ज्ञ साधारण हेच सांगतात. हिशोब मांडून पाहा. पावणेसहाला उठायचं तर मूल पावणेनऊला झोपलेलं हवं. म्हणजे जेवण आठच्या आत, म्हणजे स्वयंपाक साडेसातला तयार. ज्या घरात आई सात वाजता कर्जत लोकलमधून उतरते त्या घराला हे जमणारं नाही, असं वाटेल. पण म्हणूनच हा हिशोब उलटीकडून करायला हवा. सकाळच्या गोंधळाची मुळं आदल्या संध्याकाळी असतात, आणि सकाळी आवाज चढवून तो गोंधळ कधीच सुटत नाही.

रात्रीची जेवणं झाली की टीव्ही किंवा फोन सुरू होण्याआधी पंधरा-वीस मिनिटं सगळ्यांनी ‘उद्या’साठी द्यावीत. दप्तर वेळापत्रक पाहून भरायचं, आणि ते मुलानेच भरायचं. याचा आणखी एक फायदा आहे. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त असू नये, असा राज्य शासनाचा २०१५ चा निर्णय आहे आणि २०२० च्या राष्ट्रीय धोरणातही हीच मर्यादा आहे. म्हणजे पंचवीस किलोच्या मुलाचं दप्तर अडीच किलोच्या आत. सकाळच्या घाईत दप्तर भरणारं मूल ‘असू दे’ म्हणून सगळीच पुस्तकं कोंबतं. रात्री वेळापत्रकासमोर बसून भरणारं मूल नको ती काढून ठेवतं. पाण्याच्या बाटल्या भरून ओळीने, गणवेश मोज्यांसकट एकाच हँगरवर, बुटांना पॉलिश, सही करायची डायरी टेबलावर उघडी. कणीक भिजवून, भाजी चिरून फ्रिजमध्ये.

दाराजवळची जागा मी सगळ्यात मोलाची मानते. जुन्या घरांत दाराशी खुंट्या असत, कोनाडा असे. छत्री, टोपी, किल्ली, चष्मा तिथेच मिळे. फ्लॅटमध्ये ती सोय आपणच करून घ्यायची. दारामागे किंवा चपलांच्या कपाटावर खुंट्यांची एक पट्टी, त्यातल्या दोन मुलांच्या हाताला येतील अशा उंचीवर. वर एक छोटी फळी. बाहेर जाणारी प्रत्येक वस्तू, म्हणजे दप्तर, लॅपटॉपची बॅग, वाचनालयाचं पुस्तक, शिंपीकाकांकडे द्यायचा ब्लाऊज, शेजाऱ्यांचा परत करायचा डबा, रात्रीच तिथे येऊन थांबते. मग सकाळी काहीच आठवावं लागत नाही. दारापर्यंत गेलं की वस्तूच समोर येतात. खुंटी जर मुलाच्या डोक्याच्या वर असेल तर दप्तर सोफ्यावरच पडणार, आणि त्यावरून त्याला रोज रागावण्यात अर्थ नाही.

स्वयंपाकघराबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. ऑस्ट्रियन वास्तुविशारद मार्गारेट शूट-लिहोत्स्की यांनी १९२६ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं. जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. रेल्वेच्या भोजनडब्यात एवढ्याशा जागेत कितीतरी माणसांचं जेवण कसं बनतं हे पाहून त्यांनी प्रत्येक पाऊल, प्रत्येक हालचाल मोजली. तांदूळ, साखर, डाळी यांसाठी ॲल्युमिनियमचे खण केले आणि प्रत्येकावर नाव कोरलं. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली, आणि आजच्या सलग ओट्याच्या मॉड्युलर किचनची ती पूर्वज मानली जातात. बाईचे श्रम वाचावेत ही त्यामागची कळकळ खरी होती. पण पुढच्या पिढीतल्या स्त्रियांनी त्यावर एक आक्षेप घेतला, जो मला फार महत्त्वाचा वाटतो: हे स्वयंपाकघर एकाच माणसासाठी बनवलेलं आहे. तिथे दुसरा माणूस मावत नाही. बाईचं काम सोपं झालं, पण ते तिचंच राहिलं.

आपल्याकडच्या स्वयंपाकघरांत दुसरा माणूस मावतो, पण त्याला काही सापडत नाही. एका मापाचे, झाकणं घट्ट लावलेले स्टीलचे डबे ओळीने उभे असतात. तूरडाळ डावीकडून तिसऱ्या डब्यात आहे, मागच्या रांगेत साबुदाणा आहे, आणि ज्या डब्यावर ‘चहा’ अशी अक्षरं ठोकलेली आहेत त्यात प्रत्यक्षात गूळ आहे, हे फक्त घरातल्या बाईला ठाऊक असतं. ती आजारी पडली किंवा गावाला गेली की फोनवर फोन. ‘मोहरी कुठे आहे?’ ‘कुकरची रिंग कुठे ठेवतेस?’ मदत करू पाहणारा माणूस दर पाच मिनिटांनी विचारत राहिला की करणाऱ्याला वाटतं, त्यापेक्षा आपणच केलेलं बरं. इथे एका संध्याकाळचं काम आहे. प्रत्येक डब्यावर नावाची पट्टी लावायची, मुलांना वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात. ही पट्टी मुलांनीच लिहावी. नुकतं वाचायला शिकलेल्या मुलाला ‘हरभराडाळ’ लिहिण्यात जो आनंद होतो तो पुस्तकातल्या शब्दात होत नाही. रोज लागणाऱ्या गोष्टी कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीत, सणावाराची भांडी वर, जड गव्हाचा-तांदळाचा डबा खाली. मुलांच्या ताटल्या, वाट्या, पेले अगदी खालच्या ट्रॉलीत, म्हणजे पानं घेण्याचं काम त्यांच्याकडे देता येतं.

वाणसामान संपण्याची आठवणही डोक्यात ठेवायला नको. मीठ, तूरडाळ, साखर, चहा, तेल, कपडे धुण्याची पावडर अशा, संपलं तर घर अडेल, अशा मोजक्याच गोष्टींचं एक पाकीट वापरात आणि एक मागे ठेवायचं. मागचं फोडलं की त्याच क्षणी फ्रिजवरच्या यादीत नाव लिहायचं, आणि जो फोडेल त्याने लिहायचं.

डब्याला काय, हा प्रश्न रोज सकाळी नव्याने पडू देऊ नये. आठवड्याचा पूर्ण मेनू कागदावर उतरवून तो पाळणं फार थोड्या घरांना जमतं. वारांना नुसता प्रकार नेमून देणं बहुतेकांना जमतं. सोमवारी फळभाजी, मंगळवारी पालेभाजी, बुधवारी उसळ, गुरुवारी पराठा किंवा थालीपीठ, शुक्रवारी मुलांच्या आवडीचं. ‘आज फळभाजी’ एवढं ठरलं की दोडका की भोपळा हे फ्रिज उघडून ठरतं. उसळीचा वार नेमून देण्याला एक खास कारण आहे. मटकी रात्री भिजवायची, सकाळी उपसून फडक्यात बांधायची, मोड यायला आणखी दिवस-रात्र जाते, थंडीत त्याहून जास्त. म्हणजे बुधवारच्या डब्यातली उसळ सोमवारी रात्री सुरू होते. ही दोन दिवस आधीची चाहूल हेच ते न दिसणारं काम. सोमवारच्या चौकोनात ‘मटकी भिजत’ असं लिहिलं की हे काम मोठा मुलगासुद्धा करू शकतो.

आठवड्याची तयारी करून ठेवताना एक काळजी घ्यावी. दाण्याचं कूट, सुक्या खोबऱ्याचं वाटण, भाजलेला रवा, निवडून कागदात गुंडाळलेली कोथिंबीर, सोललेला लसूण खुशाल करून ठेवावा. शिजवलेलं अन्न मात्र दोन तासांहून जास्त बाहेर राहू देऊ नये आणि फ्रिज पाच अंशांच्या खाली असावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. भाताबाबत हे विशेष पाळायचं. बाहेर राहिलेल्या भातात बॅसिलस सीरियस नावाचे जिवाणू वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं विष भात पुन्हा गरम केला तरी नष्ट होत नाही. फोडणीच्या भातासाठी ठेवायचा भात जेवणं झाल्याबरोबर पसरट भांड्यात काढून फ्रिजमध्ये गेला पाहिजे.

वस्तूंच्या पसाऱ्याविषयी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेने एक विलक्षण काम केलं आहे. २००१ ते २००५ या काळात तिथल्या मानववंशशास्त्रज्ञांनी आणि पुरातत्त्वज्ञांनी मिळून शहरातल्या ३२ मध्यमवर्गीय घरांचा अभ्यास केला. सगळ्या घरांत आई-बाबा दोघंही नोकरी करणारे आणि मुलं शाळेतली. उत्खननातल्या वस्तू मोजाव्यात तशा त्यांनी घरातल्या वस्तू मोजल्या. पहिल्याच घराच्या तीन खोल्यांत नजरेला पडणाऱ्या २,२६० वस्तू निघाल्या. याच कुटुंबांवर आधारलेल्या दुसऱ्या अभ्यासात डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी यांनी आई-बाबांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाशी संबंधित संप्रेरक दिवसभरात कसं उतरतं ते तपासलं. ज्या आयांनी आपल्या घराचं वर्णन पसारा, अर्धवट कामं अशा शब्दांत केलं होतं त्यांच्यात ते संध्याकाळकडे जसं उतरायला हवं तसं उतरत नव्हतं. बाबांमध्ये हा संबंध दिसला नाही. माझ्या मते याचं कारण उघड आहे. सोफ्यावर पडलेला टॉवेल एकाला नुसता टॉवेल दिसतो. दुसरीला त्यात एक राहिलेलं काम दिसतं. पसारा म्हणजे खोलीभर पसरलेली कामांची यादीच, आणि ती ज्याला वाचता येते तोच दमतो.

म्हणून वस्तू कमी करणं हे डोकं हलकं करण्याचंच काम आहे. खेळण्यांपासून सुरुवात करावी. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या २०१८ च्या प्रयोगात छोट्या मुलांसमोर १६ ऐवजी ४ खेळणी ठेवली तेव्हा ती एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. बाकीची खेळणी पलंगाच्या खणात घालून महिन्याने आलटून पालटून काढली तर घर मोकळं होतं आणि मुलाला जुनंच खेळणं नवं वाटतं. लहान झालेले कपडे धुवून एका पिशवीत साठवत जावेत. भाचरं, सोसायटीतल्या ताईंची मुलं, कुणाला तरी ते हवेच असतात. पिशवी भरली की ती दाराजवळच्या खुंटीला.

औषधांचा डबा मुलांच्या हाताबाहेर आणि बाथरूमच्या दमट हवेपासून दूर. पाणी घालून तयार केलेलं अँटिबायोटिक सिरप आठवडा-दोन आठवड्यांत निकामी होतं आणि डोळ्यांच्या थेंबांची बाटली उघडल्यावर साधारण महिनाभरच चालते, त्यामुळे बाटलीवर उघडल्याची तारीख लिहायची. ओआरएसचं द्रावण चोवीस तासांनी ओतून द्यायचं. डब्याच्या झाकणाच्या आत प्रत्येक मुलाचं वजन, कशाची ॲलर्जी आहे आणि ताप आला तर आपल्या डॉक्टरांनी सांगितलेला डोस असा कागद चिकटवला, की पाळणाघरातून मूल लवकर घरी आलेलं असताना आजीला फोन करून विचारावं लागत नाही. त्याच कागदावर तातडीच्या मदतीचा ११२, रुग्णवाहिकेचा १०८ आणि बालकांच्या मदतीचा १०९८ हे क्रमांक असू द्यावेत.

काही तारखा वर्षानुवर्षांनी येतात, आणि त्या लक्षात ठेवणं सगळ्यात अवघड. गोवर-रुबेलाची दुसरी लस १६ ते २४ महिन्यांत. डीपीटीचा दुसरा बूस्टर ५ ते ६ वर्षांत. टीडी १० व्या आणि १६ व्या वर्षी. आधारचं बायोमेट्रिक अद्ययावत करणं ५ व्या आणि १५ व्या वर्षी. लहान मुलांचा पासपोर्ट साधारण पाच वर्षांनी संपतो. प्रत्येक मुलाची एक फाइल करून तिच्या पहिल्याच पानावर या तारखा साल घालून लिहाव्यात आणि दर जानेवारीत नवं कॅलेंडर टांगताना त्या वर्षीच्या तारखा त्यावर उतरवाव्यात. हे काम बाबांनी पूर्णपणे आपल्याकडे घ्यावं, असं मी मनापासून सुचवते. पूर्णपणे म्हणजे लस कधी आहे हे त्यांनीच पाहायचं, दवाखान्याची वेळ त्यांनीच घ्यायची, त्या दिवशीची रजा त्यांनीच टाकायची, रात्री ताप आला तर त्यांनीच उठायचं. ‘तू सांग, मी घेऊन जातो’ असं म्हणणाऱ्या बाबांची भावना चांगली असते, पण चाहूल आणि पाठपुरावा पुन्हा आईकडेच राहतो. एखादं काम वाटून घेताना चारही टप्प्यांसकट वाटलं तरच दुसऱ्याचं डोकं मोकळं होतं.

त्याची दुसरी बाजू आयांना अवघड जाते, आणि ते मी समजू शकते. काम सोपवलं की ते सोपवलेलंच ठेवायचं. बाबांनी डब्यात चौकोनी पराठा दिला, वेण्या सैल घातल्या, तरी मागून जाऊन नीट करू नये. मुलांचंही तसंच. चार-पाच वर्षांच्या मुलाला मोज्यांच्या जोड्या लावता येतात, सात-आठच्या मुलाला पाणी भरता येतं आणि पानं घेता येतात, दहा-अकराच्या मुलाला धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालून ज्याच्या त्याच्या कपाटात ठेवता येतात, बारा-तेराव्या वर्षी मोठ्यांच्या नजरेखाली वरण-भाताचा कुकर लावता येतो. एलिनॉर ओक्स आणि कॅरोलिना इझक्विएर्डो या अभ्यासकांनी पेरूच्या ॲमेझॉन खोऱ्यातल्या मात्सिगेन्का लोकांमधल्या सहा-सात वर्षांच्या एका मुलीचं वर्णन केलं आहे. ती शेजारच्या कुटुंबाबरोबर पानं गोळा करायला नदीकाठी गेली होती, आणि कुणी न सांगता झोपायच्या चटयांवरची वाळू झाडत होती, नदीतले कवचधारी जलचर धरून, शिजवून सगळ्यांना वाढत होती. लॉस एंजेलिसच्या घरांतल्या तिच्याच वयाच्या मुलांना साधं काम सांगायला आई-बाबांना पुन्हा पुन्हा विनवावं लागत होतं. आपल्याही घराघरात दुसरं चित्र वाढत चाललं आहे याची मला काळजी वाटते. ‘अभ्यास कर, बाकी मी बघते’ हे आपण प्रेमापोटीच म्हणतो. पण त्यामुळे मुलाला घर दिसेनासं होतं.

हे सगळं एकदम सुरू करू नये. लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात एखादी नवी सवय आपोआप घडू लागायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसाप्रमाणे हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. मधेच एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. तेव्हा एका वेळी एकच गोष्ट घ्यावी. मला विचाराल तर पहिली रात्रीची ती पंधरा मिनिटं, कारण त्यांचं फळ दुसऱ्याच सकाळी दिसतं. ती अंगवळणी पडली की भिंतीवरचं पान. मग डब्यांवरच्या पट्ट्या.

वाचलेल्या वेळाचं काय करायचं, याचं माझं उत्तर ठरलेलं आहे. तो दुसऱ्या कामांनी भरू देऊ नये. कुटुंबातल्या नेमाच्या आणि रिवाजाच्या गोष्टींवर पन्नास वर्षांत जे संशोधन झालं त्याचा आढावा बार्बरा फीस आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये घेतला. ठरलेल्या वेळी एकत्र जेवण, झोपताना गोष्ट, सुट्टीच्या दिवसाची एखादी रीत, या गोष्टींचा मुलांच्या आरोग्याशी आणि आई-बाबांच्या समाधानाशी संबंध दिसतो, असं त्यात मांडलेलं आहे. रात्रीचं एक जेवण सगळ्यांचं मिळून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. पाळीमुळे रात्री जमत नसेल तर सकाळचा चहा-दूध. तेही नसेल तर रविवारची दुपार. आणि त्या वेळात गृहपाठ, मार्क, उद्याची कामं हे विषय काढायचे नाहीत, कारण ते सगळं आता पानावर आहे.

सुरुवातीला मे महिना चांगला. शाळा जूनच्या मध्यात उघडतात, विदर्भात उन्हाळ्यामुळे थोड्या उशिरा. त्याआधी गणवेश घालून पाहायचे, गेल्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पानं काढून कच्च्या कामाची वही शिवायची, खुंट्या मुलांच्या वाढलेल्या उंचीप्रमाणे वर घ्यायच्या, आणि कुणाकडे कोणतं काम राहील हे एकदा सगळ्यांनी मिळून ठरवायचं. दिवाळीच्या साफसफाईला डबे उतरतीलच, तेव्हा पट्ट्या तपासायच्या आणि कामांची अदलाबदल करायची. जूनपासून दप्तराची खुंटी सांभाळणाऱ्या धाकटीला एव्हाना कुकरची शिट्टी मोजायची असते, आणि पोळ्या शिकायला थोरल्याचं वय झालेलं असतं.